यवनांची पानगोष्ठी आणि जुन्नरचा भोजनमंडप

शिवनेरी म्हटले की आपल्याला १६३० सालचा शिवजन्म आठवतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्याही आधी सुमारे दीड हजार वर्षे याच डोंगराच्या कड्यात बौद्ध भिक्षूंची लेणी कोरली गेली होती, हे वर चढून जाणाऱ्या शंभरांपैकी पाचांच्याही ध्यानात नसते. त्या लेण्यांत एक लहानसा ब्राह्मी लेख आहे. मजकूर एका वाक्याचा. गत लोकांपैकी चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दान दिला, इतकेच त्यात सांगितले आहे. जुन्नरच्याच लेण्यांत दुसरा एक यवन आहे, इरिल त्याचे नाव; त्याने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. तिसरा चंद, त्याने मानमोडीच्या डोंगरातील एका लेण्याचे गर्भद्वार करून दिले. तीन परदेशी माणसे आणि त्यांनी दिलेले जेवणघर, पाणी व दरवाजा.

यवन म्हणजे मूळचे ग्रीक. आशिया मायनरच्या किनाऱ्यावर आयोनियन नावाचे ग्रीक राहत. इराणी लोकांनी त्यांना ‘यौन’ म्हटले आणि आपण ‘यवन’. पुढे हा शब्द सैल झाला व पश्चिमेच्या समुद्राकडून येणाऱ्या कोणालाही लागू लागला. त्यामुळे चिट हा रक्ताने ग्रीकच होता असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. त्याचे नाव ग्रीक दिसत नाही. ‘गत’ हे कुळाचे नाव की गावाचे, यावर पंडितांत वाद आहे, आणि एका पंडिताने तर त्यात युरोपातल्या गॉथ लोकांना शोधले. तो वाद पंडितांनी मिटवावा. मला कुतूहल निराळेच आहे. ज्याच्या नावाला यवनपण चिकटले होते अशा माणसाने दुसऱ्यांसाठी जेवणाची जागा बांधून दिली. मग यवनांच्या स्वतःच्या मुलखात चारचौघे जमून खाणेपिणे कसे चालत असे? तेथे गाणेबजावणे कोण करी? भांडी कोण घडवी?

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत पुष्कळ झाले. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकांवर काढलेल्या माणसाला एक खोड जडते: मेजवानीचे चित्र दिसले की तो आधी बसलेल्यांकडे पाहत नाही, उभ्या असलेल्यांकडे पाहतो. ग्रीक मडक्यांवरची चित्रे मी त्याच खोडीने पाहिली, आणि मला वाटते की त्या खोडीचा येथे फायदाच झाला.

एक खुलासा प्रथमच करतो. ज्या चित्रांविषयी मी सांगणार आहे ती मुख्यतः अथेन्स शहरात ख्रिस्तपूर्व सहाव्या व पाचव्या शतकांत काढली गेली. चिट आणि इरिल त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी झाले. तेव्हा चित्रे काढलेली ती मडकी बैलांच्या पाठीवर लादून नाणेघाटाने जुन्नरला आली, अशी कल्पना कोणी करू नये. त्या काळापर्यंत तो धंदाच बसला होता. मात्र मडकी गेली तरी मेजवानी गेली नव्हती, आणि तिच्यातल्या दोन वस्तू, मद्य आणि गाणारी माणसे, आपल्या किनाऱ्याला खरोखरच उतरत होत्या. त्याकडे पुढे येऊ.

या मेजवानीला ग्रीक लोक सिम्पोसिओन म्हणत. शब्दाचा साधा अर्थ सहपान, एकत्र बसून पिणे. आज विद्यापीठांत सिम्पोझियम भरते तेव्हा निबंध वाचले जातात आणि मधल्या सुटीत चहा मिळतो. शब्दाचे नशीब असे पालटते. मूळच्या सिम्पोसिओनमध्ये आधी जेवण उरकून घेत, पाट-ताटे उचलली जात, हात धुतले जात, आणि मग पिण्याला आरंभ होई. घरात यासाठी पुरुषांची वेगळी बैठक असे. भिंतींना लागून सात किंवा अकरा पलंग, त्यांवर डाव्या कोपरावर रेलून पुरुष पडलेले, उजवा हात प्याल्यासाठी मोकळा. पलंग नीट बसावेत म्हणून या खोलीचा दरवाजाही भिंतीच्या मधोमध न ठेवता थोडा बाजूला ठेवीत. उत्खननात नुसता पाया सापडला तरी एवढ्या एका खुणेवरून ही खोली ओळखता येते. घरधनिणीला आणि लेकीसुनांना तेथे मज्जाव होता.

पिण्याची रीत आपल्या समजुतीपेक्षा वेगळी होती. निखालस मद्य पिणे हे ग्रीक लोक रानटीपणाचे लक्षण मानीत. खोलीच्या मध्यभागी एक मोठे रुंद तोंडाचे भांडे ठेवीत, त्याला क्रातेर म्हणत, म्हणजे मिसळण्याचे भांडे. त्यात मद्य ओतावयाचे आणि पाणी घालावयाचे. पाण्याचे तीन भाग व मद्याचा एक, किंवा पाण्याचे पाच व मद्याचे दोन. प्रमाण ठरविण्यासाठी जमलेल्यांतून एकाला त्या रात्रीपुरता प्रमुख नेमीत. म्हणजे मेजवानीत मद्यापेक्षा पाणी जास्त असे. तथापि रात्र मोठी आणि क्रातेर एकामागून एक भरले जात, त्यामुळे शेवट सर्वत्र होतो तसाच होई. मी दारूचे गुणगान करावयास उभा नाही. पगाराच्या संध्याकाळी कामगारवस्तीत काय होते ते मी पुष्कळ पाहिले आहे. ग्रीक चितारीही ते झाकीत नाहीत. जर्मनीत वुर्झबुर्ग येथे एक प्याला आहे. त्याच्या बाहेरच्या अंगावर रात्री रस्त्याने गात-नाचत निघालेले टोळके आहे, आणि आत, बरोबर तळाशी, एक तरुण वाकून ओकतो आहे व एक मुलगी त्याचे डोके धरून उभी आहे. पिणाऱ्याला हे चित्र केव्हा दिसे? प्याला रिकामा झाला म्हणजे.

अशी थट्टा या भांड्यांवर पुष्कळ आढळते. कित्येक उथळ, दोन कानांच्या प्याल्यांच्या बाहेरच्या बाजूला दोन मोठाले डोळे रंगविलेले असतात. पिणाऱ्याने प्याला तोंडाशी उलटा धरला की समोरच्याला डोळे दिसतात, प्याल्याचे कान ते त्याचे कान आणि खालची बैठक ते त्याचे तोंड. माणसाच्या जागी सोंग बसलेले दिसते. आणखी एक खेळ होता, कोत्ताबोस. प्याल्यात उरलेला गाळ बोटाने प्याला फिरवून दूरच्या निशाणावर नेमका फेकावयाचा, आणि फेकताना आवडत्या माणसाचे नाव घ्यावयाचे. जमीन साफ कोण करी, हे चित्रांत काढलेले नाही.

आता संगीताकडे वळू. या चित्रांत सर्वांत अधिक दिसणारे वाद्य म्हणजे औलोस. इंग्रजी पुस्तकांवरून लिहिणारे आपले लेखक त्याला बासरी म्हणतात, ते बरोबर नाही. औलोसला तोंडाशी दुहेरी पाती असे, म्हणजे ते आपल्या सनईच्या जातीचे. आणि ते एक नसून दोन असत, एकेका हातात एकेक नळी धरून दोन्ही एकाच वेळी फुंकावयाच्या. गाल फुगून थकू नयेत म्हणून काही वादक तोंडाभोवती चामड्याचा पट्टा बांधीत. चित्रांत तो स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या लग्नात सनईवाल्याचे फुगलेले गाल ज्याने पाहिले आहेत त्याला त्या पट्ट्याचे कारण सांगावे लागणार नाही. ग्रीकांत एक कथा आहे की अथीना देवीने हे वाद्य हाती घेतले, पण पाण्यात आपले फुगलेले गाल पाहून तिने ते फेकून दिले. घरंदाज मंडळींनी पुढे या कथेचा चांगला उपयोग करून घेतला: फुंकण्याचे वाद्य हलक्यांचे, तारांचे आपले. त्यांची मुले शाळेत शिकत ती लायर, कासवाच्या पाठीच्या कवचावर कातडे ताणून केलेली तंतुवाद्याची जात. तिचाच लांब दांड्यांचा, खर्जातला भाऊ बार्बितोस मेजवान्यांत असे. नाचणाऱ्या बायकांच्या हातात क्रोताला दिसतात. त्या म्हणजे आपल्या चिपळ्याच, फक्त झांजा नसलेल्या. पाळीपाळीने प्रत्येकाने गाणे म्हणावे, हातातली मेंदीसारख्या झाडाची डहाळी पुढच्याला द्यावी, मग त्याने म्हणावे, अशी चाल होती. ज्याला लायर येत नसे त्याला अडाणी समजत. थेमिस्टोक्लीस हा मोठा सेनानी, सलामिसच्या लढाईत इराणी आरमार बुडविणारा. त्याला लायर वाजविता येत नसे म्हणून लोक हिणवीत. त्याचे उत्तर असे की मला वाद्य लावता येत नसेल, पण लहानशा शहराला मोठे करता येते. शाळा चुकलेल्या माणसांना हे उत्तर जवळचे वाटते, हे मी कबूल करतो.

परंतु औलोस वाजविणारी कोण? चित्रांत बहुधा ती एक तरुण मुलगी असते. पुरुष पलंगावर आडवे, ती उभी. कोणी प्याला उंचावून गात आहे, कोणी मान मागे टाकून डोळे मिटले आहेत, आणि ती दोन्ही हात वाद्यात गुंतवून पलंगाच्या पायथ्याशी उभी. भिंतीवर वाद्याची कातडी पिशवी लटकते आहे. दुसऱ्या बाजूला एक पोरगा, बहुधा उघडाच, हातात गाळणे आणि सुरई घेऊन क्रातेरजवळ. तोही उभा. शेकडो भांड्यांवर हेच आहे. हा पोरगा गुलाम, आणि ती मुलगी बहुतेक वेळा गुलाम किंवा मालकाने भाड्याने दिलेली. प्लेटोने आपल्या ‘सिम्पोसिओन’ या ग्रंथात एका अशाच मेजवानीचे वर्णन केले आहे. आरंभीच ठरते की आज प्यावयाचे बेताने आणि बोलावयाचे प्रेमावर. तेव्हा आत्ताच आलेल्या औलोसवालीला जाऊ द्या, तिने हवे तर स्वतःशी वाजवावे किंवा आतल्या बायकांपुढे वाजवावे. त्या ग्रंथावर जगात केवढे लिखाण झाले आहे! परंतु परत पाठविलेल्या त्या मुलीला रात्रीची मजुरी मिळाली की नाही, हा प्रश्न युनियनवाल्यालाच सुचावा.

आणि मजुरीचा प्रश्न काल्पनिक नाही. अॅरिस्टॉटलच्या नावावर असलेला ‘अथेन्सची राज्यघटना’ हा ग्रंथ कित्येक शतके हरवला होता. ईजिप्तमध्ये पपायरसाच्या गुंडाळ्यांवर तो सापडला आणि १८९१ साली लंडनला छापला गेला. गंमत अशी की त्या गुंडाळ्यांची पुढची बाजू एका शेतमळ्याच्या कारभाऱ्याच्या जमाखर्चाने भरलेली आहे, इसवी सन ७८-७९ च्या सुमाराची. आणि कोरी राहिलेली मागची बाजू वाया जाऊ नये म्हणून कोणी तिच्यावर हा ग्रंथ उतरवून घेतला. या ग्रंथात नगरातील अधिकाऱ्यांची कामे सांगितली आहेत. रस्त्यावर घाण पडू न देणे हे ज्यांचे काम, त्याच अधिकाऱ्यांकडे आणखी एक काम दिलेले आहे: औलोस, लायर वगैरे वाजविणाऱ्या मुलींना कोणी दोन द्राख्मांपेक्षा जास्त भाडे देत नाही ना, हे पाहावयाचे. एकाच मुलीला दोघे-तिघे मागू लागले तर अधिकाऱ्याने चिठ्ठ्या टाकाव्यात आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला ती मिळावी.

हा नियम पुन्हा नीट वाचावा. आपल्याकडे १९४८ साली किमान वेतनाचा कायदा झाला. अमुक रकमेच्या खाली मजुरी देता कामा नये, असे त्याचे तत्त्व. अथेन्सचा कायदा कमाल वेतनाचा होता, आणि तो फक्त वाजविणाऱ्या मुलींपुरता. मागणी वाढली की भाव वाढतो हे व्यापाराचे तत्त्व. पण श्रीमंतांच्या मेजवानीत बोली चढू लागली तेव्हा बोलीच बंद करून सोडत काढली. त्या काळी अथेन्सजवळच्या सरकारी बांधकामावर कसबी कारागिराला दिवसाला दोन ते अडीच द्राख्मा पडत होत्या, म्हणजे दोन द्राख्मा काही अगदी क्षुद्र रक्कम नव्हती. पण ती मुलीच्या हाती राहत होती की तिच्या मालकाच्या, हा खरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा मालकाच्या बाजूचे आहे.

जुन्नर-आंबेगावच्या माणसाला हे समजावयास फार लांब जावे लागत नाही. नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, यात्रांच्या हंगामात गावोगावचे पुढारी तेथे येऊन सुपारी ठरवितात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५-२००२) यांच्यासारखी कलावंत याच मातीतली. अथेन्सची ती मुलगी आणि आपला फड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मी जाणतो: फड स्वतंत्र माणसांचा असतो, त्याचे नाव असते, त्याच्या मालकिणीच्या नावाची गाडी रस्त्याने जाते. तथापि भाव कोण ठरवितो, ठरलेला भाव हंगाम संपल्यावर पुरा मिळतो का, यात्रेच्या रात्री पाऊस आला तर तोटा कोणाच्या अंगावर, हे प्रश्न दोन हजार वर्षांत जुने झालेले नाहीत.

आता भांडी घडविणाऱ्यांकडे. अथेन्समध्ये कुंभारांची वस्ती केरामेइकोस नावाच्या भागात होती. या भांड्यांवरचा काळा रंग हा वास्तविक रंगच नव्हे. तीच माती पाण्यात खूप वेळ निवळून तिचा अगदी बारीक साय घ्यावयाचा आणि त्याने चित्र काढावयाचे. भाजण्यापूर्वी मडके आणि चित्र यांच्या रंगात फरक जवळजवळ नसतोच. किमया सगळी भट्टीत. आधी हवा खेळती ठेवून भाजणे, सगळे लाल होते. मग नऊशे अंशांच्या आसपास आच नेऊन झरोके बंद करावयाचे, ओली लाकडे घालून धूर कोंडावयाचा. सगळे काळे पडते, आणि साय लावलेला भाग वितळून काचेसारखा घट्ट बसतो. शेवटी झरोके पुन्हा उघडावयाचे. साध्या मातीत हवा शिरते व ती पुन्हा लाल होते, सायीत शिरत नाही म्हणून ती काळीच राहते. झरोका घटकाभर उशिरा उघडला की महिन्याचे काम गेले. उष्णता मोजण्याचे यंत्र नव्हते. ज्वालेचा रंग पाहून ठरवावयाचे. आमच्या ओतशाळेतले जुने कारागीर रसाचा रंग पाहून आच सांगत, त्यांच्या जातीची ही विद्या. आरंभी आकृत्या काळ्या आणि जमीन लाल अशी रीत होती. ख्रिस्तपूर्व ५३० च्या सुमारास ती उलटली, जमीन काळी करून आकृत्या लाल सोडू लागले, आणि मग चेहऱ्यावरच्या, बोटांच्या बारीक रेषा कुंच्याने काढता येऊ लागल्या. वाजविणाऱ्या मुलीची बोटे कोणत्या भोकावर आहेत हे आपल्याला आज दिसते ते त्यामुळे.

काही भांड्यांवर कारागिरांची नावे आहेत: अमक्याने घडविले, तमक्याने चितारले. बहुतेकांवर नाहीत. विसाव्या शतकात ऑक्सफर्डच्या बीझली नावाच्या विद्वानाने जन्मभर कान, घोटे, वस्त्राच्या चुण्या यांच्या रेषा ताडून हजारो भांडी एकेका हाताच्या नावे लावली. नाव नसेल तेथे त्याने ठेवले, ‘बर्लिनचा चितारी’, ‘ब्रीगोसचा चितारी’. वुर्झबुर्गचा तो ओकणारा तरुण या ब्रीगोसच्या चिताऱ्याचा. हजेरीपटावर ज्याचे नावच नाही अशा कामगाराला त्याच्या कामाच्या ढबीवरून ओळखून काढण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

ज्यांची नावे आहेत त्यांचेही नमुने पाहण्यासारखे आहेत. म्युनिकमध्ये एक भांडे आहे, त्यावर तीन पिऊन झिंगलेले गृहस्थ नाचताहेत, चितारी युथिमिडीस. त्याने बाजूला लिहून ठेवले आहे की असे युफ्रोनिओसला कधी जमले नसते. शेजारच्या कारखान्यातल्या प्रतिस्पर्ध्याला मारलेला हा टोमणा अडीच हजार वर्षे टिकला. ब्रसेल्सच्या एका भांड्यावर याहून नवल आहे. पलंगावर रेलून, मान मागे टाकून गाणे ऐकणारा जो तरुण आहे त्याच्या शेजारी स्मिक्रोस असे नाव लिहिले आहे, आणि भांडे चितारणाऱ्याचे नावही स्मिक्रोसच. स्मिक्रोस म्हणजे लहान. आपल्याकडे लहानू असतो तसा. समोर औलोस वाजविणारी मुलगी आहे, तिचेही नाव दिले आहे, हेलिके. कुंभारवाड्यातल्या लहानूने स्वतःला श्रीमंतांच्या पलंगावर नेऊन बसविले! काही अभ्यासकांचे म्हणणे असे की असा चितारी नव्हताच, ही युफ्रोनिओसने केलेली थट्टा आहे. थट्टा असली तरी ती कोणाला सुचली आणि कोणत्या ठिकाणाला बोचली, हे उघड आहे. आणि रोमच्या व्हिला जुलिया संग्रहालयात मद्य काढून घेण्याचे एक लहान भांडे आहे, त्यावर लिडोस नावाच्या माणसाने आपण हे चितारल्याचे लिहून पुढे आपण गुलाम असल्याचेही लिहिले आहे. त्याला ते लिहिण्याची सक्ती होती की त्याने ते स्वाभिमानाने लिहिले, हे ज्याने त्याने ठरवावे. मी दुसऱ्या बाजूला आहे.

याच अथेन्समध्ये ख्रिस्तपूर्व ४०९ ते ४०७ या वर्षांत एरेख्थेइओन देवळाचे काम चालू असताना त्याचे हिशेब दगडावर कोरले गेले, ते शिल्लक आहेत. त्यात नागरिक, परगावचा रहिवासी आणि गुलाम हे तिघे शेजारी शेजारी एकच काम करताना दिसतात आणि तिघांची रोजी एकच, एक द्राख्मा. समान कामाला समान दाम! फक्त गुलामाची द्राख्मा घरी गेल्यावर मालकाच्या पेटीत पडत असे.

अथेन्सची ही भांडी जहाजांतून दूरवर जात. आज संग्रहालयांत दिसणारी कित्येक उत्तम भांडी इटलीतल्या एत्रुस्कन लोकांच्या थडग्यांतून निघाली आहेत. हिंदुस्थानचा समुद्री मार्ग ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना सरावाचा झाला तो पुढे, इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास. त्या मार्गाची एक वाटाडी पोथी शिल्लक आहे, ‘पेरिप्लस’. ईजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने पहिल्या शतकाच्या मध्यास ती लिहिली. भडोचच्या बंदरात काय खपते याची तिच्यात यादी आहे. मद्य खपते, त्यातही इटलीचे अधिक पसंत, त्याखालोखाल सिरियाचे आणि अरबस्तानचे. आणि राजासाठी म्हणून निराळा माल सांगितला आहे: किमती चांदीची भांडी, उत्तम मद्य, तलम वस्त्रे, सुगंधी लेप, अंतःपुरासाठी रूपवान मुली, आणि गाणारे-वाजविणारे गुलाम. मडक्यावर पलंगाच्या पायथ्याशी उभी असलेली ती मुलगी आणि तो सुरईवाला पोरगा येथे मालाच्या यादीत आहेत, मद्याच्या बुधल्यांच्या ओळीत.

हा राजा कोण? पेरिप्लसमध्ये त्याचे नाव थोडे बिघडून आले आहे, पण तो क्षत्रप नहपान असावा असे बहुसंख्य इतिहासकार मानतात. आणि नहपान आपल्याला परका नाही. मानमोडीच्या लेण्यांत त्याचा अमात्य अयम, वत्स गोत्राचा, याचा लेख आहे. वर्ष ४६ दिले आहे. हे वर्ष कोणत्या गणनेचे, यावर मतभेद आहेत. लेखातले दान असे: एक पोढी आणि एक मंडप. पेरिप्लसच लिहितो की कल्याणचे बंदर पूर्वी खुले होते, पुढे तेथे चुकून आलेली ग्रीक गलबते पहारा देऊन भडोचला नेली जात. कल्याणहून घाटावर यावयाचे म्हणजे नाणेघाट, आणि नाणेघाट चढला की जुन्नर. सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांशी कशासाठी लढत होते, ते या वाटेवर उभे राहिले की कळते. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवितात.

पश्चिमेकडचा माल महाराष्ट्रात आत किती आला याचे पुरावे जमिनीतून निघाले आहेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत १९४४-४५ च्या सुमारास समुद्रदेव पोसाइडनची कांस्याची लहान मूर्ती सापडली, आणि तिच्याबरोबर मद्य ओतण्याची कांस्याची सुरईही. घडण तीच, जी अथेन्सच्या चित्रांतल्या पोऱ्याच्या हातात दिसते तिच्या वंशातली. नेवाशाला व इतर ठिकाणी मद्याच्या बुधल्यांचे म्हणून तुकडे मिळाले. अलीकडे मात्र मातीची तपासणी करून अभ्यासकांनी दाखविले आहे की यांतले बरेच तुकडे इटलीचे नसून इराकच्या बाजूच्या लांबट, निमुळत्या बरण्यांचे आहेत. म्हणजे जो तुकडा सापडला तो रोमन, ही आपली जुनी हौस आवरली पाहिजे. दुसरीकडे अजिंठ्याच्या पहिल्या लेण्याच्या छतावर टोकदार टोपीचा परदेशी पुरुष प्याला घेऊन बायकांसह बसलेला आहे, सेवक जवळ आहेत. तो पाचव्या शतकातला. तेथेही उभे असलेल्यांकडे लक्ष द्यावे.

आता पुन्हा चिटाच्या भोजनमंडपात येऊ. लेण्यांतल्या अशा मंडपांत भिंतींना लागून दगडी बाक असतात. अथेन्सच्या खोलीतही भिंतींना लागूनच पलंग होते; माणसांनी गोल बसून एकमेकांची तोंडे पाहावीत ही योजना तीच. परंतु येथे रेलावयाचे नाही, ताठ बसावयाचे. भिक्षूला सुरा-मेरय वर्ज्य. नाच, गाणे, वादन वर्ज्य. मध्यान्हानंतर जेवणही वर्ज्य. म्हणजे ज्या तीन गोष्टींनी यवनांची पानगोष्ठी बनते, मद्य, संगीत आणि रात्र, त्या तिन्ही या मंडपातून वजा होत्या. चिटाने स्वतः मद्य सोडले होते असे लेख म्हणत नाही, आणि आपणही म्हणू नये. व्यापाऱ्याने धंद्याच्या वाटेवरच्या मठाला दान देणे ही त्या काळची रूढी होती, त्यात प्रतिष्ठाही होती. एवढे मात्र खरे की आपल्या नावाने कायमचे काय उरावे याची निवड करण्याची पाळी आली तेव्हा त्याने जेवणाची जागा निवडली, इरिलाने पाणी निवडले.

या यवनांच्या शेजारीपाजारी कोण आहे ते पाहिल्याशिवाय जुन्नरचे लेख सोडता येत नाहीत. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक पोढी दिली आहे. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. तिला युनियन म्हणण्याचा मोह मला होतो, पण तो खोटा ठरेल. तीत मालक आणि कारागीर एकत्र असत. दुसऱ्या लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याची नोंद आहे. बुरुड आणि कासार यांच्या संघाकडे लोक पैसे ठेवीत आणि व्याज धर्मकार्याला जाई! आज आपल्या सहकारी पतपेढ्यांची जी स्थिती कित्येक ठिकाणी झाली आहे ती पाहता बुरुडांच्या त्या पतीचा हेवा वाटतो. कल्याणच्या एका सोनाराने एक पोढी दिली. कुशल हातांची माणसे येथे देणाऱ्यांच्या ओळीत, स्वतःच्या नावाने उभी आहेत. अथेन्सच्या लिडोसला एका लहानशा भांड्यावर जेवढी जागा मिळाली त्यापेक्षा ही जागा मोठी आहे, आणि मडके फुटते, कडा फुटत नाही. लेणी प्रत्यक्ष कोरणाऱ्या पाथरवटांच्या छिन्नीचे घाव भिंतीवर मोजता येतात. दानाच्या या लेखांत त्यांचा उल्लेख नाही.

अदुथुम नावाचा एक शक उपासकही या लेखांत आहे. त्याने एका श्रेणीकडे दोन शेतांचे उत्पन्न सोपविले: वीस निवर्तनांचे उत्पन्न करंजाची झाडे लावण्यासाठी आणि नऊ निवर्तनांचे वडाची झाडे लावण्यासाठी. करंजाच्या बियांचे तेल दिव्याला चालते आणि वडाखाली जनावरांसह तांडा उतरतो. मंचरहून किंवा घोडेगावहून जुन्नरकडे येणाऱ्याने लेण्याद्रीला गणपतीचे दर्शन घेऊन परत फिरण्याऐवजी एक दिवस जास्त काढावा आणि मानमोडी व शिवनेरीच्या कड्यांतली ही लेणी पाहावीत. बॅटरी बरोबर ठेवावी. अक्षरे उथळ आहेत आणि उजेड तिरपा पडल्याखेरीज ती उठून दिसत नाहीत. पावसाळा संपल्यावर गेले तर कित्येक पोढ्यांत पाणी भरलेले आढळते.